आबांच्या पिंडाला कावळा शिवला त्याची हकीकत

मु. पो. पाली, जि. बीड

तीर्थस्वरूप साखराआत्या यांना वैष्णवीचा नमस्कार.

(सुतकात नमस्कार करायचा नसतो, पण सुतक परवाच फिटलं, तेव्हा हा चालेल. पत्राच्या डोक्यावर श्री लिहायचा की नाही हे तानाजीकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, वर्षभर नको. म्हणून वरचा भाग मोकळा सोडला आहे. कागद वाया घालवला असं समजू नये.)

तुमचा गुडघा कसा आहे? नवीन वाटी बसवल्यावर मांडी घालून बसायचं नसतं, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मीही सांगते, कारण ती वाटी हा आमच्या पहिल्या सत्रातला धडा आहे आणि त्यात मला चांगले मार्क मिळाले होते. तुम्ही खाटेवर असल्यामुळं तुम्हाला सख्ख्या भावाचं शेवटचं तोंड बघता आलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटत असणार. फार वाटून घेऊ नका. इथं जे आले त्यांतल्या पुष्कळांनी तोंड बघितलं ते एकमेकांचंच. आश्रुबामामांच्या खोकल्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. अंजूताईला आठवण सांगा.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुम्हाला आष्टीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी बोलले, की ते धरणाच्या भिंतीपर्यंत जातं, आणि ज्यांच्याविषयी सांगायचं ती माणसं अजून आमच्या अंगणातच बसलेली आहेत. मी मुळात बोलते कमी, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं साठलेलं सगळं आता एकदम कागदावर येत आहे, सांभाळून घ्या.

आबा दुकानात विहिरीवरची जळालेली मोटार भरता भरता खाली बसले. भारतनं (काकांच्या भारतनं) त्यांना गाडीत घालून बीडला नेलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा उशाजवळचं मशीन बंद करून बाजूला सारलेलं होतं आणि त्याच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही. पुढचं लिहिते.

आबांनी गावाला माझ्या शिक्षणाविषयी काय सांगून ठेवलं होतं, ते मला दुखवट्यात कळलं. बायोमेडिकल इंजिनियरिंग हा शब्द त्यांच्या जिभेवर बसत नव्हता, म्हणून ते सांगायचे, "पोरगी दिलाची मोटार भरायला शिकती." आता पालीत जळालेली मोटार आणून टाकायची जागा म्हणजे आमचं अंगण, ही सवय लोकांना वीस-पंचवीस वर्षांची. आबा गेले, पण अंगण तिथंच आहे आणि घरात इंजिनियर आलेली आहे, असा लोकांनी सरळ हिशोब केला. तिसऱ्या दिवसापासून दुखवट्याला येणारा प्रत्येक माणूस पिशवीतून काहीतरी घेऊन येऊ लागला. बीपीची मशीनं, साखर तपासायची मशीनं, वाफ घ्यायचं मशीन, कंबरेला बांधायचा एक पट्टा (तो लावल्यावर मुंग्या येतात म्हणून चांगला, असं मालकाचं म्हणणं), आणि कौशल्याबाईंचा मिक्सर. मिक्सर कशाला, असं आईनं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "औषधाची पानं त्याच्यातच वाटते की मी."

शेजारच्या बायनाबाई तर दारातूनच हेल काढत आल्या. "माझ्या रामा रं, मला सोडून कसा गेलास रं" म्हणून आईच्या गळ्यात पडल्या. आईही रडली. रडणं उतरल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदराखालून बीपीचं मशीन काढलं. म्हणाल्या, "बाई वैष्णवे, ह्याच्यात मला ई-तीन आलाय. लई दिवस झालं, जाईना." मी म्हटलं, ई-तीन म्हणजे पट्टा नीट बांधलेला नाही. त्यांना ते पटलं नाही. ई-तीनसाठी त्यांनी मीठ सोडलं होतं, चहातली साखर सोडली होती आणि गुरुवार धरला होता. एवढं करून तो आजारच नव्हता असं कुणी म्हटलं तर कुणालाही राग येईल. जाताना आईला म्हणाल्या, "पोरीला अजून शिकू द्या. अर्धवट हाय."

(मशीनला हात मी लावला नाही. सुतकात दुसऱ्याची वस्तू हातात घ्यायची नाही, असा काकांचा हुकूम होता. त्यामुळं सगळी मशीनं आबांच्या मोटारींच्या रांगेत तेराव्याची वाट बघत बसली होती. आबा चिठ्ठीवर मालकाचं नाव लिहून मोटारीला बांधायचे. भारतनं या मशीनांनाही चिठ्ठ्या बांधल्या. एवढ्या शिस्तीनं त्यानं दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, मग तू शिकतेस तरी काय? हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो. आमच्या कॉलेजला प्रोफेशनल कोर्स म्हणतात. म्हणजे असं, की प्रयोगशाळेत ईसीजीचं मशीन आहे, ते काचेच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली सरांकडे आहे आणि सर तपासणी कमिटीपुढं ते मशीन दाखवायला गेलेले असतात. शिकायला एक रबरी रुग्ण आहे. त्याला डावा हात नाही. त्यामुळं उजव्या हाताच्या रुग्णाचं बीपी आम्हा सगळ्यांना उत्तम घेता येतं. कंपन्या नोकरीला येतात, त्या विचारतात की मशीन विकता येईल का. ज्याला मशीन उघडता येतं त्याचं नाव मागे राहतं आणि ज्याला टाय बांधता येतो त्याचं पुढं जातं. हे सगळं मी आबांना सांगत असे. ते म्हणायचे, "आमी बी मालकाच्या मोटारीवरच शिकलो. जळालेलीच हुती, अजून काय जळणार?"

पण दुसऱ्या वर्षी आम्हाला खऱ्या दवाखान्यात सोडतात, आणि आत्या, तिथं मला आवडतं. अतिदक्षता विभागात खाटेजवळ मशीन असतं ते सारखं ओरडतं. पेशंटनं कूस बदलली, ओरडतं. वायर सुटली, ओरडतं. कधीकधी काहीच नसतं, तरी ओरडतं. शेवटी सिस्टर लोकांचे कान बधिर होतात आणि एखाद्या वेळी ते खरंच ओरडतं तेव्हा कुणी वळून बघत नाही. खोटी ओरड कोणती आणि खरी कोणती हे मशीनलाच ओळखता यावं, असा माझा प्रकल्प आहे. तो पुढच्या जूनमध्ये द्यायचा आहे. सरांचा मेसेज आला होता. दुःखात सहभागी आहोत, दुसरं प्रकरण कधी पाठवता, असं एकाच ओळीत होतं.

या दहा दिवसांत माझा अभ्यास मात्र चांगला झाला. रडण्याचे प्रकार मी इतक्या जवळून पूर्वी ऐकले नव्हते. गाडीतून उतरताना चढणारं, फोटोपाशी टिपेला जाणारं आणि चहाचा कप दिसला की थांबणारं असं एक रडणं आहे. त्याला दोनदा आग्रह केला की ते जेवायलाही थांबतं. मला रडू आलं नाही. निदान लोकांसमोर आलं नाही. त्याचीही नोंद झाली. काकांच्या चुलत सासूबाई माझ्यादेखत म्हणाल्या, "शिकलेल्या पोरीचं काळीज दगडाचं असतंय, बघा." दुसऱ्या एकीनं विचारलं, "दिलाचं शिकलीस न्हवं तू? मंग बापाला कावून न्हाई वाचवलंस?" मी उठून चहा टाकायला गेले. पातेल्यात साखर दोनदा पडली. तो चहा त्यांनीच प्यायला.

आता दहाव्याचं सांगते, कारण खरी भानगड तिथं झाली. विधी बिंदुसरेच्या काठी होता. अग्नी भारतनं दिला होता, पिंडही त्यानंच ठेवले. मी एकुलती असले तरी मुलगी असल्यामुळं माझी जागा आईजवळ, मागे, माईकवाल्याच्या टेबलाशेजारी होती. (दहाव्याला माईक लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. माईक नसेल तर गेलेला माणूस साधा होता असं ठरतं.) कर्णा बाभळीला बांधला होता आणि कावळे त्याच बाभळीवर बसायचे.

श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आधी आमच्या गटाचे पुढारी अण्णासाहेब बोलले. त्यांना त्या दिवशी चार दहावे होते, त्यामुळं भाषण एकच होतं. त्यांनी आबांच्या दुग्धव्यवसायातल्या कार्याचा गौरव केला. आपल्याकडं म्हैस कधीच नव्हती, पण आई मान खाली घालून ऐकत होती, आणि मी म्हटलं, आबांना नवीन काहीतरी मिळतंय, मिळू दे. मग सोसायटीचे चेअरमन बोलले. मग विरोधी गट आला, त्यांना नाही म्हणता येईना. कर्ण्यातून आवाज निघाला की बाभळीवरून सगळे कावळे उडायचे, लांब तारेवर जाऊन बसायचे आणि भाषण संपलं की परत निघायचे, तोवर पुढचा वक्ता हॅलो हॅलो म्हणायचा. असं बराच वेळ चाललं. ऊन चढलं. पिंडाला कावळा शिवेना.

मग कुजबूज सुरू झाली की रामभाऊंची इच्छा राहिली आहे. हे एकदा सुरू झालं की प्रत्येकाला गेलेल्या माणसाची इच्छा आपल्या सोयीनं आठवते. भारत हात जोडून आबांना म्हणाला, "तात्या, तुमची मोटारसायकल मी नीट वापरीन." कावळा आला नाही. चेअरमन म्हणाले, दुकानाची जागा सोसायटीच्या कामाला येईल, काळजी करू नका. कावळा आला नाही. अण्णासाहेबांनी माईकवरून स्मशानभूमीला शेड जाहीर केली. (ही त्यांनी तिसऱ्यांदा जाहीर केली. कावळे इथलेच आहेत, त्यांनाही माहीत असावं.) शेवटी तानाजीकाका पुढं झाले. अण्णासाहेबांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "दादा, तुजा जीव पोरीत अडकलाय, मला कळतंय. वैष्णवीचं शिक्षण आता बास. वर्षाच्या आत हिचं लगीन लावून देतो, चांगल्या घरात देतो, हा माजा शब्द." शब्द संपता संपता माईक बंद पडला. एकदम शांत झालं. आणि कावळा आला, आत्या. सरळ खाली उतरला आणि पिंडातला भात घेऊन गेला.

त्यानंतर जे झालं ते विचारू नका. बायका रडल्या (हे खरं रडणं होतं, त्यातला फरक मला आता कळतो). अण्णासाहेबांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. बायनाबाईंनी माझ्या गालावरून बोटं मोडली. जिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे तिला विचारावं असं कुणाला वाटलं नाही, कारण ज्याला विचारायचं त्या कावळ्यानं उत्तर दिलं होतं. मी भारतला हळूच म्हटलं, अरे, कर्णा बंद झाला म्हणून तो आला. भारत म्हणाला, "तू मशीनचं बग. कावळ्याचं आमाला कळतंय."

आपल्यात बाप गेला की लेकीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबायचं, हा नियम. काकांनी तो मला रोज सांगितला, जणू काही मी तो रद्द करायला निघाले आहे. स्थळ तर त्यांच्या खिशातच होतं. अण्णासाहेबांचा भाचा, जीवन. बीडला त्याचं रक्त-लघवी तपासायचं केंद्र आहे. काका म्हणाले, "तुज्याच लाईनीतला हाय. शिक्षण वाया जात न्हाई. घरातच मशीनं हायत." अकराव्या दिवशी ही मंडळी दुखवट्याला म्हणून आली. मला चालून दाखव असं म्हणाली नाहीत. फक्त पाणी आण म्हणाली, मग ते पाणी कोमट आहे म्हणून दुसरं आण म्हणाली, आणि मी जाताना-येताना जीवनच्या आईनं माझ्या पायांकडं बघितलं. आबांच्या फोटोकडं वळण्याआधी एवढं सगळं उरकलं.

जीवन माणूस वाईट नाही. माझ्याशी तो एकच वाक्य बोलला. म्हणाला, "मॅडम, आमचं साखरेचं मशीन महिनाभर झालं सगळ्यांना एकच आकडा दाखवतंय. सुतक फिटल्यावर बघायला येता का?" मी विचारलं, मग महिनाभर लोकांना रिपोर्ट काय देता? तर म्हणाला, "द्यावा तर लागतोच ना. माणूस बघून थोडं इकडंतिकडं करतो." आत्या, आबा जळालेली मोटार मालकाला जळाली म्हणून सांगायचे. या घरात मी कशी जाऊ?

तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडायची असं इथं ठरलं आहे. म्हणजे माझा प्रकल्प दुसऱ्या प्रकरणातच राहणार. आईला विचारलं, तर ती म्हणते, "कावळा शिवलाय गं, मी काय बोलू?" आणि उठून आबांचे पक्कड-स्क्रूड्रायव्हर पुसायला घेते. रोज पुसते.

असो. जगरहाटी आहे, त्यात माझं एकटीचं काय. तुम्ही तब्येतीला जपा, व्यायाम चुकवू नका, जिन्याची घाई करू नका. मामांना नमस्कार. काही चुकलं असेल तर लहान समजून सोडून द्या.

तुमची भाची,
वैष्णवी

ता. क. काका इथं सगळ्यांना सांगत आहेत की अक्काला फोन केला, ती "बरं बरं" म्हणाली, म्हणजे थोरल्या लेकीचा होकार आला. या घरात तुमच्या होकाराशिवाय सुपारी फुटत नाही, हे त्यांनाही पक्कं माहीत आहे. तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही आणि तुम्ही समोरच्याचं मन मोडू नये म्हणून "बरं बरं" म्हणता, हे मला माहीत आहे. मी गेल्या संक्रांतीला आणून दिलेलं कानाचं मशीन तुम्ही रेशमी खणात गुंडाळून देवघरात ठेवलं आहे, असं अंजूताईनं कळवलं. मशीन देव नाही, आत्या. ते कानात घालायचं असतं. सेल बसवण्याआधी त्याच्यावरचा नारिंगी कागद काढायचा असतो, त्याशिवाय ते चालत नाही. नवीन सेल सोबत पाठवत आहे. काका पुढच्या रविवारी जीवनच्या घरच्यांना घेऊन तुमच्याकडं येणार आहेत.

ता. क. दुसरा. अंजूताईच्या वेळी तुम्ही एक स्थळ मुलगा घास चावताना आवाज करतो म्हणून मोडलंत, एक त्यांच्या दारात निवडुंग होता म्हणून, आणि एक चांगलं इंजिनियर स्थळ काही कारण सापडलं नाही म्हणून मोडलंत ("काहीच खोट न्हाई म्हंजी लपवलीय" असं म्हणाला होतात). तेव्हा आम्ही सगळे तुम्हाला हसलो. मी जास्त हसले. तर माझी विनंती एवढीच, की पुढचा श्रावण येईपर्यंत मला एकही स्थळ तुमच्या पसंतीला उतरू नये. एकदा वर्ष उलटलं की नियमानंच तीन वर्षं कुणाला काही बोलता येणार नाही. नियम काकांचाच आहे, तो मोडायचा नाही. पाळायचा, पण पूर्ण पाळायचा.

ता. क. तिसरा. हा वाचून पत्र चुलीत घाला. माईक आपोआप बंद पडला नव्हता. पिन मी काढली. टेबल माझ्याशेजारीच होतं आणि सगळे कावळ्याकडं बघत होते. काकांना गप्प करायला काढली नाही. आबा गेल्यापासून घरात कुणी ना कुणी बोलतच होतं, एक मिनिटभर तरी आबांसाठी शांत असावं असं वाटलं, म्हणून काढली. त्या शांततेत मी मनात म्हणाले, आबा, मी पूर्ण करूनच येते. कावळा तेव्हा उतरला. शिकलेली आहे, तेव्हा कर्णा थांबला म्हणून तो आला, हेच मी म्हणणार. पण काकांचा शब्द त्यानं ऐकला असेल तर माझाही ऐकला असेल, आणि माझा नंतरचा आहे. कोणता धरायचा ते थोरल्या म्हणून तुम्ही ठरवा. फक्त मशीन कानात घालून ठरवा.